स्वतः शिकवलेल्या घोडीवरून लग्नात एन्ट्री घ्यायचीये, कोणी केलंय का?

तुमचा प्रश्न असा, की घरची 9 वर्षांची मारवाडी घोडी आहे, तुम्हीच शिकवलेली, फेब्रुवारीत लग्न आहे, तिच्यावर बसून मांडवात यायचंय आणि विधीतही तिला कुठंतरी घ्यायचंय, पण घरचे नको म्हणतायत. मी केलंय म्हणून लिहितो. मी नवरदेव होतो आणि तुम्ही नवरी आहात, त्यामुळं थोडा फरक पडतो, तो पुढं येईलच.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात. घरात घोडं आजोबांपासून आहे. माझी मैना सारंगखेड्याच्या यात्रेतली, दत्तजयंतीला तापीकाठी भरते ती, तिथनं दीड वर्षाचं शिंगरू आणलं होतं. हाक मारली की येते, पाय मागितला की देते, मी उतरून लगाम खाली सोडला तरी जागची हलत नाही. हलगी वाजली की आपली आपण पाय टाकते, ते मी शिकवलेलं नाही. (बाजेवर चढवून नाचवतात ते मला बघवत नाही, कुणी कितीही टाळ्या वाजवू देत.) तर सांगायचा मुद्दा, मलाही तुमच्यासारखंच वाटत होतं की घोडी तयार आहे, आता अडचण काय.

अडचण ही झाली की लग्नाच्या दिवशी तिनं मला ओळखलंच नाही.

आमच्याकडं नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला नेतात, परण्या म्हणतात त्याला. आदल्या दिवशी हळद लागलेली, सकाळी उटणं लावून आंघोळ, वरून मामानं अर्धी बाटली अत्तर ओतलेलं, शेरवानी, फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार. मी असा सजून तिच्याकडं गेलो तर ती दोन पावलं मागं, मान वर, नाकपुड्या फुगलेल्या आणि डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं. मारवाडी घोड्याचे कान बघितलेच असतील तुम्ही, टोकं एकमेकांना टेकतात, तिचे दोन्ही कान माझ्यावर असे रोखलेले की ही बाण सोडतीये की काय. रोज खरारा करणारा माणूस समोर उभा आणि तिच्या लेखी कोणीतरी चकाकतं, वेगळ्याच वासाचं जनावर आलंय, ज्याच्या कपाळावरनं दोन दोऱ्या लोंबतायत. आणि मी मूर्खासारखा गप्प, कारण आजूबाजूला पन्नास माणसं "चढ की, चढ की" करून ओरडत होती. शेवटी फेटा काढून भावाकडं दिला, मुंडावळ्या कानामागं सारल्या, आयाळ संपते तिथं तिला रोज खाजवतो तसं खाजवलं आणि "मैना, अगं मी आहे" म्हणालो, तेव्हा कुठं तिनं मान खाली टाकून एक लांब फुर्रर्र केलं. चार-पाच मिनिटं गेली असतील फार तर, पण तिकडं गुरुजी मुहूर्त मुहूर्त करत होते.

म्हणून पहिलं काम, लग्नाचा पूर्ण पोशाख घालून किमान पाच-सहा वेळा तिच्यावर बसा. घागरा किंवा शालू असेल तर विषयच सोडा, नऊवारीच नेसा, काष्ट्याची, तीही घट्ट. घोड्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसता येतं तिच्यात. हिरवा चुडा भरल्यावर लगाम कसा धरणार ते आधी करून बघा, काचेच्या बांगड्या ओढाताणीत फुटतात आणि मनगट कापतं, शिवाय त्यांची किणकिण तिच्या कानाशी होत राहते, ती तिला नवीनच असणार. चप्पल अशी घ्या की पाय रिकिबीत अडकणार नाही. आणि परफ्यूम जो लावणार तो दोन आठवडे आधीपासून तबेल्यात जाताना लावत चला, हसू नका, याचा उपयोग होतो.

आवाजाची भीती सगळ्यांना वाटते पण खरं सांगू का, आमच्या वेळी आवाजानं काही झालं नाही. दोन महिने आधीपासून मी चंदी टाकताना मोबाईलवर बॅन्जो लावायचो, आधी बारीक, मग ब्लूटूथ स्पीकर, मग गावातली हलगीची पार्टी शंभर फुटांवर उभी करून, मग पन्नास. खाताना जे ऐकलं ते जनावराला सहसा भीतीचं वाटत नाही. डीजे मात्र नको म्हणजे नकोच. आपल्याला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला साधारण 33 हजारांपर्यंत, आणि तो खालचा धडधडणारा बेस छातीत बसतो तो वेगळाच. सुतळी बॉम्ब आणि ते रंगीत कागद उडवणारे ब्लास्टर ज्याच्या हातात दिसतील त्याला आधीच गाठा.

मैना अडली ती कार्पेटवर. कार्यालयाच्या दारात हिरवं मॅट, त्यावर लाल कार्पेट, पुढं फुलांची कमान आणि कमानीत झगमग लायटिंग. बाहेर ऊन, आत अंधारी. घोड्याच्या डोळ्याला उजेडातून अंधारात गेलं की सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि अगदी नाकाखालचं त्याला दिसतही नाही, त्यामुळं ते लाल पट्टं म्हणजे तिच्या हिशोबानं खड्डा असेल नाहीतर पाणी असेल. ती दारात खांबासारखी उभी राहिली. मागनं कोणीतरी शहाण्यानं तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. तिनं लाथ झाडली नाही ही तिची कृपा. मी उतरलो आणि तिथनं चालत गेलो, एवढंच. तुम्हीही आत्ताच ठरवून टाका की ती दारात थांबली तर दारात उतरायचं, व्हिडिओवाल्यासाठी ओढाताण करायची नाही. लॉन असेल तर सोपं जाईल. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी असेल तर नालाचा पाय सरकतो, तिथं नेऊच नका. आणि जे कार्पेट तिथं असणार त्याचा तुकडा मंडपवाल्याकडनं मागून घ्या, पन्नास रुपयाची गोष्ट आहे, तबेल्याच्या दारात टाकून ठेवा, चार दिवस वास घेईल मग बिनधास्त तुडवेल.

आता गर्दी. आमच्या भागातनं ज्ञानोबा माउलींची पालखी जाते, पुरंदावड्याला गोल रिंगण होतं, खुडूसलाही होतं, लहानपणापासून बघतोय. हजारो माणसं, टाळ, मृदंग, गजर आणि मधनं माउलींचा अश्व चौखूर पळतो. बाहेरच्या लोकांना वाटतं काय घोडा शिकवलाय! घोडा तयारीचा असतोच, पण तिथं माणसंही तयारीची असतात. रिंगणाची वाट मोकळी ठेवायची, अश्व पळत असताना आत पाय टाकायचा नाही, हे वारकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही, टापांची माती कपाळाला लावायला लोक धावतात ते घोडा निघून गेल्यावर. लग्नात उलटं असतं. घोडी शिकलेली आणि वऱ्हाड बिनशिकलेलं. सेल्फीसाठी तोंडाला तोंड लावणारी पोरं, शेपटीमागनं घुसणाऱ्या आत्या, अगदी मागं तिला काहीच दिसत नाही हे कुणाच्या गावीही नसतं. आम्ही चार पोरांना दोन दोऱ्या देऊन दोन्ही बाजूंनी चालवलं, बारा-पंधरा फुटांची वाट मोकळी राहिली, मागं कोणी नाही. दिसायलाही बरं दिसलं, फोटोत दोऱ्या येतात पण येऊ देत.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी विसरलात तरी चालेल. त्या दिवशी तुम्ही नवरी असणार, तिचं माणूस नसणार. तुम्हाला कोणीतरी हाका मारणार, साडी नीट करणार, ओटी भरणार, फोटोला उभं करणार, आणि ती तिकडं कुठंतरी बांधलेली, आजूबाजूला सगळे अनोळखी. म्हणून दुसरं एक माणूस हवं, जे तिला रोज हाताळतं आणि ज्याला त्या दिवशी घोडी सोडून दुसरं काहीही काम नाही. नात्यातला नको, नात्यातल्याला जेवायच्या पंगतीत ओढतात. आमच्यात हे काम चुलतभावाकडं होतं आणि तो दहा मिनिटं मानपानाचा फेटा बांधून घ्यायला गेला, तेवढ्यात माझ्या मामांनी प्रेमानं तिला सहा बुंदीचे लाडू चारले. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलं ते पुढंच जाणार, आणि नाही गेलं तर पोटशूळ, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे रात्रभर डॉक्टर, कधीकधी घोडं जातंसुद्धा. नशीब चांगलं, काही झालं नाही, पण माझं अर्धं लक्ष मंगलाष्टकांऐवजी ती जमिनीवर लोळतीये का, पोटाकडं वळून बघतीये का याच्यावर. गूळ घातलेली मूठभर डाळ एका वाटीत वेगळी ठेवा, ज्याला हौस आहे त्यानं त्यातली चिमूट द्यावी.

कण्हेर बघा. लॉनच्या कुंपणाला, पार्किंगला हमखास कण्हेर असते, फुलं सुंदर, पण घोड्याला जहर आहे, थोडी पानंही पुरतात. बांधायची जागा आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. झेंडूचा हार मात्र खुशाल घाला. मैनेनं तिचा हार वेशीपर्यंत अर्धा खाल्ला होता.

विधीत घ्यायचं म्हणताय तर मांडवात, होमाजवळ, अंतरपाटाशी वगैरे नका आणू. धूर, अक्षता आणि बंद जागा सगळं एकदम होतं. दारातली ओवाळणी तिच्यासाठी बरोबर आहे. आमच्याकडं आईनं तिच्या खुरांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं (कपाळाला नुसता कोरडा टिळा, डोळ्यापासून लांब, आणि ते स्प्रेचे रंग, चमकी अजिबात नको), मग निरांजन घेऊन ओवाळायला लागली. मैनेनं वास घ्यायला नाक पुढं केलं, एक फुर्र केलं आणि निरांजन विझलं. सगळं चिडीचूप. एक लांबची काकू लगेच हळू आवाजात अपशकुन वगैरे सुरू झाली. आजी 84 वर्षांची, खुर्चीत बसून म्हणाली, "तिला गरम लागलं, तिनं फुंकर घातली, त्यात काय झालं, लावा पुन्हा." दुसऱ्यांदा आईनं ताट हातभर लांब धरलं. लग्नाचा सगळा अल्बम एकीकडं आणि तो विझलेल्या निरांजनाचा, आईच्या उघड्या तोंडाचा फोटो एकीकडं.

मागं कोणाला बसवू नका. लोक हौसेनं करवलीला किंवा बारक्या भाच्याला मागं बसवतात, खोगिराच्या मागं कमरेवर वजन पडतं, ती जागा नाजूक असते. 350-400 किलोची घोडी असेल तर खोगीर धरून साधारण 70-80 किलोच्या पुढं जाऊ नये, आणि दागिने, शालू, नारळ धरला तर नवरीचंही वजन त्या दिवशी वाढलेलं असतं, बरं का.

कागदाचं थोडक्यात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, घोड्याला तो पटकन होतो. ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची, रक्ततपासणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या, नमुने हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात जातात, रोग माणसालाही होतो म्हणून कार्यालयवाल्यांनी विचारलं तर दाखवायला बरं. मिरवणुकीचं पोलीस स्टेशनला अर्ज देऊन सांगून ठेवा. कोणी हौशी माणूस "जरा टाईट लगाम घालू, काट्याचा" म्हणाला तर त्याला सांगा की काटेरी लगामाला जनावरांचा छळ रोखणाऱ्या 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, आणि तुमच्या शिकवलेल्या घोडीला त्याची गरजही नाही.

एक राहिलंच, नवरा. त्याला घोड्याची सवय आहे का? माझी बायको पुण्याची, घोडा फक्त सारसबागेबाहेर बघितलेला. लग्नाआधी तीनदा गावी आली, पहिल्यांदा लांबनंच नमस्कार, तिसऱ्यांदा स्वतःच्या हातानं वैरण टाकली. म्हणून ओवाळणीच्या वेळी बायको शांत उभी होती. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला आत्तापासून दर रविवारी खरारा करायला लावा, प्रेम किती आहे तेही कळेल.

काम झालं की तिला लगेच घरी पाठवा, जेवणावळीपर्यंत ठेवू नका. पिकअपमध्ये चढायची सवय आधी लावून ठेवा, त्या दिवशी शिकवत बसू नका. मैना साडेअकराला तबेल्यात पोचली होती, मी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, सत्यनारायण उरकून. अंगाला अजून हळदीचा वास. तिनं माझ्याकडं बघून मान भिंतीकडं वळवली. चंदी मात्र खाल्ली, सगळी.