तीन शिखरं, चोवीस तास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. ऑफिसच्या चॅरिटी ग्रुपने जूनअखेरीस थ्री पीक्स चॅलेंज घेतलंय, म्हणजे स्कॉटलंडचं बेन नेव्हिस, इंग्लंडचं स्काफेल पाइक आणि वेल्सचं स्नोडन, तिन्ही 24 तासांत, गाईड आणि मिनीबससकट. लग्नाआधी कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड केलेत, आता आठवड्यातून तीनदा जिमला ट्रेडमिलवर चढ लावून चालते, दम अजिबात लागत नाही. अजून तीन महिने आहेत. कळसूबाई तर या तिघांपेक्षा उंच आहे, मग हे जमायला हरकत नाही ना? की वेगळी तयारी लागेल?

उत्तर: जमेल, पण कळसूबाईचा हिशोब इथे लावू नका हं. कळसूबाई 1646 मीटर आणि बेन नेव्हिस 1345, हे खरंय, पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच चांगलं उंचावर आहे आणि बेन नेव्हिसची चढाई जिथून सुरू होते तो ग्लेन नेव्हिसचा पार्किंग लॉट जवळजवळ समुद्रसपाटीला, त्यामुळे 1300 मीटरच्या वर चढ तिथे पायानेच काढावा लागतो. आणि हा तिघांतला पहिला. तिन्ही मिळून साधारण 3000 मीटर चढ आणि 37 किलोमीटर चाल होते, आणि जेवढं चढलात तेवढंच उतरायचंय, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आधी वेळेचं बघू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा नियम दिला, तो तिकडे आजही वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. बेन नेव्हिस जाऊन-येऊन 17 किलोमीटर धरा, म्हणजे साडेपाच तासांच्या वर गेलं. स्काफेल पाइक वॉसडेल खोऱ्याच्या बाजूने आणि स्नोडन पिग ट्रॅक नावाच्या वाटेने, दोन्हीला साधारण साडेतीन तास. झाले साडेबारा. मधला गाडीचा प्रवास सहा तास आणि पाच तास. बेरीज साडेतेवीस! आता यात बुटाची लेस, लघवी, फोटो, कुणाचा तरी हरवलेला हातमोजा हे सगळं अर्ध्या तासात बसवायचंय. म्हणून बहुतेक प्लॅनमध्ये बेन नेव्हिसला 5 तास, स्काफेलला 4 आणि स्नोडनला 4 असं लिहिलेलं असतं, म्हणजे पहिल्याच डोंगरावर तुमच्याकडून नियमापेक्षा फास्ट चालण्याची अपेक्षा आहे. (जॉस नेलर नावाच्या वॉसडेलच्या मेंढपाळाने 1971 मध्ये गाडीचा प्रवास धरून हे 11 तास 56 मिनिटांत केलं होतं. ते सोडून द्या, तो माणूस वेगळ्याच मातीचा.)

गाडीत वेळ वाचत नाही आणि वाचवूही नये. चढावर फार तर दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात. तास जातो तो उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, त्याने तो आतून दुखावतो, आणि मग तुम्ही सहा तास मिनीबसमध्ये गुडघे दुमडून बसता, आणि रात्री वॉसडेलला उतरता तेव्हा पाय लाकडासारखे. ट्रेडमिलवर दम वाढतो, पण उतार कुठे मिळतो तिथे? बरेच लोक फिट असूनही इथेच अडकतात, आणि जिममध्ये ते कळतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. ऑफिसमध्ये सगळे फिटनेससाठी जिना चढतात आणि लिफ्टने उतरतात, तुम्ही उलटं करा, लिफ्टने वर आणि जिन्याने खाली. पहिल्या आठवड्यात थोडंच करा कारण दुसऱ्या दिवशी मांड्या बोंब मारतील, पण एकदा असं दुखून गेलं की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने कमी दुखतं, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. मग पाठीवर सॅक घेऊन वाढवत न्या. शेवटचा जोरदार उतार चॅलेंजच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर हात आखडता.

दुसरं, थांबून पुन्हा सुरू करायची सवय. रेडिंगच्या आसपास डोंगर नाहीत पण वेल्समधलं पेन-अ-फॅन (886 मीटर) तुम्हाला गाडीने एका दिवसात होतं. एकदा वर जाऊन या, मग गाडीत तासभर बसा, खा, पाय आखडू द्या, आणि परत निघा. दुसऱ्या फेरीची पहिली वीस मिनिटं वैताग येतो, तोच वैताग तिथे मध्यरात्री येणार आहे, ओळख असलेली बरी. त्यातली एक फेरी अंधारात हेडटॉर्चवर करा, एकटीने नाही. ट्रेकिंग पोल्स घेणार असाल तर आतापासून वापरा, उतारावर गुडघ्यांचा भार खरंच कमी होतो.

कपड्यांबद्दल एवढंच की सह्याद्रीत भिजण्यात मजा असते, तिथे भिजलात तर कुडकुडाल. खालच्यापेक्षा बेन नेव्हिसच्या माथ्यावर तापमान 8-9 अंश कमी, वर वारा, आणि बर्फाचे पट्टे जूनपर्यंतही राहू शकतात. कॉटनचं काही नको, जीन्स तर नकोच. प्रत्येक डोंगरासाठी कोरडे मोजे वेगळे ठेवा.

आणि गाईड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, आयोजकांना तीन गोष्टी विचारा. गाईडकडे माउंटन लीडरची, म्हणजे डोंगरात ग्रुप नेण्याची, पात्रता आहे का? गाडी चालवणारा वेगळा आहे ना, म्हणजे दिवसभर डोंगर चढलेला माणूस रात्री स्टिअरिंगवर नाही ना? आणि ग्रुपमधला एक जण मागे पडला तर काय करणार, सगळे परतणार की त्याच्याबरोबर दुसरा गाईड उतरणार? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर मी तरी पैसे भरणार नाही. वर ढगात गाईड परत फिरा म्हणाला तर फिरायचं, बेन नेव्हिसच्या माथ्यावर वाट घळींच्या कडेजवळून जाते, तिथे दिसत नसताना घाई नको. आणि वॉसडेल हेडला रात्री गाडीची दारं आपटू नका बाई, तिथली माणसं दर उन्हाळ्यात या चॅलेंजवाल्यांमुळे झोपेतून उठतात.

प्रश्न: ताई, याच चॅलेंजला मीही जातोय. मी शाकाहारी आहे आणि त्या एनर्जी जेल्स मला अजिबात सोसत नाहीत, मळमळतं. काय नेऊ? (मँचेस्टरहून)

उत्तर: जेल्स नकोतच मग. चालताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली की पुरे, आणि ती खजूर, चिक्की, गुळपोळीचे तुकडे, जॅम लावलेली पोळी यांतूनही मिळतात. शेंगदाण्याचे आणि डिंकाचे लाडू चढावर नको, तुपातलं पचायला वेळ लागतो, ते गाडीत खा. गाडीत खरं सुख म्हणजे थर्मासमधला मऊ मेतकूट-भात, डोंगर उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खा आणि मग झोपायचा प्रयत्न करा. पाण्यात लिंबू, साखर, मीठ. जे काही नेणार ते प्रॅक्टिसच्या चालीत आधी खाऊन बघा. आणि भूक लागायची वाट बघू नका, रात्री दोन वाजता भूक लागत नाही, नुसती चिडचिड होते.

प्रश्न: मी नाशिकचा, वय 61, शुगरची गोळी चालू आहे. जूनमध्ये लीड्सला मुलाकडे जातोय, त्याने त्याच्या ग्रुपमध्ये माझंही नाव घालायचं ठरवलंय. रोज पांडवलेणी चढतो. जाऊ का?

उत्तर: काका, पांडवलेणी रोज चढता हे झकास, पण रात्रभर गाडीत अर्धवट झोप आणि त्यावर तिसरा डोंगर, हे मी तुम्हाला सुचवणार नाही. लांब चालीत साखर खाली येते, आणि काही गोळ्यांनी ती जास्तच खाली येते, म्हणून कुठलाही डोंगर ठरवायच्या आधी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून डोस विचारा, खिशात ग्लुकोज ठेवा.

लीड्सहून यॉर्कशायरचे तीन डोंगर जवळ आहेत: पेन-इ-गेंट, व्हर्नसाइड, इंगलबरो. तिथलं चॅलेंज 12 तासांचं, रात्रीचा प्रवास नाही, पण चाल तिथेही 38-39 किलोमीटर आहे. मुलाला म्हणावं, घड्याळ घरी ठेव आणि एका दिवशी एकच डोंगर कर, मग चला. स्नोडनच करायचं असेल तर लानबेरिसच्या वाटेने जा, लांब आहे पण सोपी. काकू बरोबर असतील तर त्यांच्यासाठी लानबेरिसहून डोंगरावर रेल्वे जाते, 1896 पासूनची, हवा चांगली असली की थेट माथ्याजवळ नेते. तिकीट मात्र आधीच काढायला सांगा मुलाला, जूनमध्ये आयत्या वेळी मिळेलच असं नाही.