बेळगाव भागातल्या मराठी शाळेत शिकलेल्याला महाराष्ट्रात ‘बाहेरचा उमेदवार’ म्हणून सरकारी नोकरी मिळते का?

तुमचा प्रश्न असा आहे: घर खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बी.कॉम., कन्नड जेमतेम वाचता येतं. महाराष्ट्रात कर्नाटकचा म्हणून अर्ज बाद होईल आणि कर्नाटकात मराठी म्हणून कोणी उभं करणार नाही, मग भरायचं तरी कुठे?

मिळते. मला मिळाली. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला, आज कोल्हापूर जिल्ह्यात एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. मुंबई-कोल्हापुरात माझी कुणाची ओळख नव्हती. पण माझं एक वर्ष वाया गेलं, ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, एका दाखल्यापायी.

महाराष्ट्र शासनानं सीमाभागातल्या ८६५ गावांवर दावा सांगितलेला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर या भागांतली ही गावं. १० जुलै २००८ च्या शासन निर्णयानुसार या गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. अट एवढीच की त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला हवा. म्हणून तर ऑनलाइन अर्जात ‘८६५ गावांपैकी रहिवासी आहात काय’ असा रकाना येतो.

मी तो रकाना ‘होय’ केला आणि निर्धास्त राहिलो. लेखी परीक्षा पार पडली, कागदपत्र पडताळणीला बोलावणं आलं. माझ्या हातात नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून) काढलेला रहिवासी दाखला होता, पूर्ण कन्नडमध्ये. त्यात १५ वर्षांचा उल्लेख नव्हता आणि तो जाहिरातीच्या परिशिष्टातल्या नमुन्यातही नव्हता. समोरच्या बाईंनी तो उलटून पालटून पाहिला आणि परत दिला. वाईट त्याही वागल्या नाहीत, नियमच तसा होता. परतीच्या एसटीत वडिलांना फोन करायचं धाडस झालं नाही. घरी गेल्यावरच सांगितलं.

तेव्हा हे आधी करा. गावाचं नाव ८६५ च्या यादीत आहे का ते बघा. आख्खा तालुका यादीत असतो असं धरून चालू नका, नाव गावाचं लागतं. मग जाहिरातीच्या शेवटी जो नमुना जोडलेला असतो तोच छापून घ्या आणि त्यात ज्या अधिकाऱ्याची सही सांगितली आहे त्याचीच घ्या. १५ वर्षं दाखवायला शाळेचा दाखला, जुनं रेशन कार्ड, मतदार यादीतलं आईवडिलांचं नाव, घरपट्टीच्या पावत्या जमवा. कन्नड कागदांचं मराठी भाषांतर नोटरीकडून करून ठेवा. दाखला हातात येईपर्यंत किती फेऱ्या होतील याचा नेम नाही, म्हणून जाहिरात निघायच्या आधीच कामाला लागा.

जातीच्या आरक्षणाचं दुखणं वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमातींचा दर्जा राज्यापुरता असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलंय. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो, पण ते प्रमाणपत्र सीमेपलीकडच्या राज्य सरकारी भरतीत चालत नाही. मी खुल्या प्रवर्गातून भरलं. गुणांची तयारी त्याच हिशेबानं करा.

लिपिक-टंकलेखक पदावर डोळा असेल तर मराठी टायपिंग ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी ४० लागतं. बेळगावात टायपिंगचे क्लास मुख्यतः इंग्रजी आणि कन्नडचे. मी मराठीसाठी सहा महिने चंदगडला एसटीनं गेलो. एमएस-सीआयटीही तिकडेच केलं. खर्च झाला, पण ही दोन प्रमाणपत्रं आज माझ्या फाइलमध्ये सर्वांत उपयोगाची ठरली.

आता तुमच्याकडे आधीपासून असलेल्या एका कागदाबद्दल बोलतो, कारण आपली मुलं तो कपाटात टाकून देतात. तुमचं एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचं, मार्क्स कार्ड. ६२५ पैकी गुण, पहिली भाषा मराठी, ती १२५ ची, आणि खाली कन्नड. दोन्ही भाषा दहावीपर्यंत शिकल्याचा हा सरकारी पुरावा आहे. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला लेखी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते आणि अट असते ती दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकल्याची. वय १८ ते ४०. म्हणजे मार्क्स कार्डावर मराठी असल्यानं टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलला (विभागाला) भरता येतं, किंवा कन्नड असल्यानं कर्नाटकला. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएटला (लिपिक पदाला) महाराष्ट्र निवडलात तर दहावीच्या गुणपत्रिकेवर मराठी दिसली की वेगळी भाषा परीक्षा द्यावी लागत नाही. इथे ८६५ गावांचा दाखलाही लागत नाही, कारण या केंद्राच्या आणि बँकेच्या नोकऱ्या. स्टाफ सिलेक्शनची मल्टीटास्किंग स्टाफची परीक्षा २०२३ पासून मराठीतूनही देता येते, आणि परीक्षा केंद्र बेळगाव निवडता येतं.

कर्नाटकाचा विचार सोडू नका, हे मी मनापासून सांगतो. तिकडे तलाठी किंवा गट-कच्या पदांना कन्नडचा सक्तीचा पेपर असतो: १५० गुणांचा, पास व्हायला ५० पुरतात, पातळी दहावीची. तुम्हाला जेमतेम वाचता येतं म्हणता, तर सहा महिने रोज एक कन्नड वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण उमेदवारांचं २५ टक्के आरक्षणही तपासा. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आपल्याला लागू नाही. कन्नड शिकल्यानं आपली मराठी कमी होत नाही. माझ्या गावातली एक मुलगी हाच पेपर पास होऊन आज शेजारच्या तालुक्यात आहे आणि मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्या जमिनीचे उतारे तीच समजावून देते.

पैसे घेऊन नोकरी लावतो म्हणणारे एजंट भेटतील. एक रुपयाही देऊ नका.

आणि पडताळणीला कोल्हापूर किंवा पुण्याला जायचं असेल तर आदल्या दिवशीच निघा. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर ताण वाढला तेव्हा एसटी बंद पडली होती, हे लक्षात ठेवा. तुमच्या गावाचं नाव यादीत सापडलं की इथे कळवा, मी ज्या क्रमानं कागद लावले होते तो तुम्हाला लिहून देतो.