साठीच्या पुढच्या सहा मैत्रिणी इंदूरला प्लॉट घेऊन एकत्र घर बांधतोय, आर्किटेक्टला काय काय सांगावं?

ताई, आधी तो प्लॅन थांबवा. सहा बेडरूम, मधे मोठा हॉल आणि सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर असं तुम्ही लिहिलंय, वाचायला गोड वाटतं, पण तुमच्यातल्या बहुतेकींची हयात सासूच्या नाहीतर सुनेच्या ओट्याशी जुळवून घेण्यात गेली असेल, आता परत दूध कोणी उतू घालवलं आणि माझ्या कढईत अंडं कोणी केलं ह्यात पडायचंय का? मी इथेच इंदुरात घरांचे नकाशे काढते आणि माझं मत स्पष्ट आहे, मैत्रिणींनी शेजारणी म्हणून राहावं, एका घरातल्या म्हणून नको. प्रत्येकीला स्वतःचं दार, स्वतःची कडी, छोटासा का होईना स्वतःचा ओटा आणि स्वतःचं संडास-बाथरूम. हे झाल्यावर मग एकत्र काय करायचं ते बघा.

आपले जुने वाडे आठवा ना, रामबागेतले म्हणा. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, भांडणं व्हायची ती नळावर आणि संडासच्या रांगेत, कारण तिथे दुसरा इलाजच नसायचा. पण ओसरीवर बसलेल्या आजीला कोण आलं, कोण गेलं, कोणाचं दार आज उघडलंच नाही हे सगळं माहीत असायचं. तुम्हाला नेमकी ती ओसरी हवीये.

म्हणून कॉमन खोली गच्चीवर टाकू देऊ नका. बिल्डर-आर्किटेक्ट लोक हॉल नेहमी वर ढकलतात आणि मग तिथे जुन्या गाद्या आणि गणपतीचं मखर पडून राहतं. ती गेटजवळ हवी, येता-जाता सगळ्यांच्या वाटेत, पेपर तिथेच पडेल अशी. आणि प्रत्येकीच्या ओट्यासमोरची खिडकी आतल्या वाटेकडे उघडू दे, भाजी चिरता चिरता बाहेरचं दिसतं, आणि परदा ओढला की कळतं आज बाईला कोणी नकोय. डेन्मार्कमधे अशा वसाहती 1970 च्या दशकापासून आहेत, गाड्या कडेला आणि स्वयंपाकघरं मधल्या वाटेकडे ही पद्धत तिकडे जुनीच आहे.

फक्त बायकांचं उदाहरण हवं तर लंडनच्या उत्तरेला हाय बार्नेटमधलं न्यू ग्राउंड बघा. 50 च्या पुढच्या बायका, 25 फ्लॅट, प्रत्येकीचं किचन वेगळं, आणि हॉल, बाग, कपडे धुवायची खोली, पाहुण्यांची खोली एकत्र. पाहुण्यांची खोली तुम्हीही घ्याच, पुण्याहून लेक-जावई वर्षातून दोनदा येणार म्हणून सहा जणींनी सहा जादा बेडरूम कशाला बांधायच्या आणि पुसत बसायच्या? न्यू ग्राउंडमधले 8 फ्लॅट कमी भाड्याचे आहेत, म्हणजे सगळ्याच पैसेवाल्या नाहीत. गट जमला 1998 ला आणि राहायला गेल्या 2016 च्या शेवटी, घाबरवत नाहीये, पण तुम्ही पुढच्या दिवाळीला वास्तुशांत धरून चालला आहात म्हणून सांगितलं. आणि वयं वेगवेगळी आहेत तिथे. तुम्ही सहाही जणी आज 62-65 म्हणजे 80 च्या पण बरोबरच होणार, तेव्हा रिक्षा बोलवायला कोण पळणार? जमलं तर दहा-बारा जणी करा आणि दोन-तीन पन्नाशीतल्या घ्या. सेवा कोणी कोणाची करायची नाही, त्याला पगारी बाई ठेवायची, हे आत्ताच बोलून घ्या, नंतर ते बोलणं फार जड जातं.

आता मापं, कारण इथे मिस्त्री स्वतःचंच खरं करतो. रस्ता दरवेळी उंच होतो म्हणून जोतं दीड फूट घेतात, पण रॅम्पचा उतार 1:12 लागतो म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांब रॅम्प, तेवढी जागा प्लॉटवर आत्ताच राखा, मागाहून जो बसतो ती घसरगुंडी असते. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं नाहीतर सरकतं, कारण बाई आत पडली तर आत उघडणारं दार तिच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता येईल अशी. दार तीन फुटी. बाथरूमला उंबरा नको, फरशीला उतार द्या. धरायचे दांडे विटांच्या भिंतीत पक्के, टाइलवर स्क्रूने नुसते टांगलेले नकोत. ओटा ज्या बाईचा तिच्या मापाने, पाच फुटाच्या बाईला 34 इंची ओट्यावर पोळ्या लाटून खांदा धरतो. जिना कितीही सोपा असला तरी लिफ्टचा खड्डा आत्ताच सोडून ठेवा, लिफ्ट नंतर लावा.

कागदांचं तर त्याहून महत्त्वाचं आहे. एकाच रजिस्ट्रीत सहा नावं घालू नका. एक गेली की तिचा मुलगा नाहीतर पुतण्या वारस म्हणून येणार, वाटप मागणार आणि बाकीच्या पाच जणी कोर्टात. प्रत्येकीचं युनिट वेगळं हवं, आपल्या एमपीत त्याला प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम 2000, म्हणजे फ्लॅटच्या वेगळ्या मालकीचा कायदा, आहे, नाहीतर सहकारी सोसायटी, आणि विकायचं झालं तर आधी गटाला विचारायचं हे लेखी असू दे, वकिलाकडून. आणि मृत्युपत्र करा हो, सहाही जणींनी! तुमच्यातल्या दोघींना मूलबाळ नाही असं लिहिलंय, त्या विधवा असतील आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, सख्ख्या भावा-बहिणींचा नंबर नंतर. ज्या दिराने कधी फोन केला नाही तो किल्ली मागायला येईल. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात.

प्लॉटची लांबी-रुंदी, रस्ता कुठल्या दिशेला आणि बोरिंग आहे की नुसती नर्मदेच्या नळाची लाइन, एवढं टाका कमेंटमधे, मग रॅम्प बसतो का ते सांगते.