ग्रब रेस्क्यूचा पडदा आला म्हणून डिस्क गेली असे समजू नका, आणि फॉरमॅटला होकार देऊ नका

तुमची अडचण वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण शेवटच्या ओळीत तुम्ही म्हटले आहे की उद्या लॅपटॉप जवळच्या सर्व्हिस सेंटरला देणार आहात. शक्य असल्यास तो बेत पुढे ढकला. तुमच्या लिहिण्यावरून मला परिस्थिती अशी समजली: लॅपटॉप जुना आहे, बायॉस या जुन्या पद्धतीने सुरू होणारा आहे, डिस्कवर एमबीआर या जुन्या प्रकारची विभागणी आहे आणि विंडोज १० व लिनक्स मिंट या दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर आहेत. डी ड्राइव्ह भरत आला म्हणून तुम्ही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून रिकामा ई ड्राइव्ह काढून टाकला आणि मोकळी झालेली जागा डीला जोडली. मिंटच्या पार्टिशनला (डिस्कच्या भागाला) तुम्ही हात लावला नाही. तरीही संगणक पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘अननोन फाइलसिस्टम’ आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली निवडून उघडणारा छोटा प्रोग्रॅम) एवढेच दिसते; विंडोजही उघडत नाही आणि मिंटही नाही.

तुम्ही सांगितलेला क्रम अचूक असेल, तर तुमच्या दोन्ही प्रणाली आणि सगळ्या फायली जागच्या जागी असण्याची शक्यता फार मोठी आहे. बिघडले आहे ते फक्त ग्रबकडे असलेले ठिकाण. एमबीआरमध्ये मुख्य पार्टिशने चारच असू शकतात, म्हणून बाकीची एका विस्तारित पार्टिशनच्या पोटात असतात आणि लिनक्स व ग्रब त्यांना ५ पासून पुढे क्रमांक देतात. तुमच्याकडे बहुधा डी ५, ई ६, मिंट ७ आणि स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास लिनक्स वापरते ती जागा) ८ अशी रचना होती. गल्लीतले एक घर पाडल्यावर पुढच्या सर्व घरांचे क्रमांक एकाने कमी व्हावेत, तसे ई काढताच मिंट ६ वर आणि स्वॅप ७ वर आले. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बूटच्या (संगणक सुरू करणाऱ्या) कोडसाठी अवघे ४४६ बाइट असतात, त्यामुळे ग्रबचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवलेला असतो, आणि त्याला आपल्या बाकीच्या फायली ‘७ व्या पार्टिशनमध्ये’ आहेत एवढेच माहीत असते. तो तिथे गेला आणि त्याला स्वॅप सापडले, जे त्याला वाचता येत नाही. म्हणूनच तुम्हाला ‘अननोन फाइलसिस्टम’ हा संदेश दिसला. स्वॅपचे वेगळे पार्टिशन नसते, तर ७ हा क्रमांकच उरला नसता आणि ‘नो सच पार्टिशन’ असे आले असते. हे दोन संदेश पाहूनच क्रमांक सरकल्याचा अंदाज पुष्कळदा बांधता येतो. विंडोज उघडत नाही याचेही कारण एवढेच, की तिच्याकडे जाणारी वाट याच ग्रबमधून जाते.

तेव्हा प्रथम बाहेरचे सर्व पेनड्राइव्ह काढा, नाहीतर डिस्कांचे क्रमांक बदलून गोंधळ होईल. त्या पडद्यावर ‘एलएस’ ही आज्ञा द्या. (आज्ञा मी येथे देवनागरीत लिहीत आहे, टंकताना त्या रोमन लिपीत लहान अक्षरांत टाका.) पार्टिशनांची यादी कंसांत दिसेल. त्यातले एकेक नाव कंसासह घेऊन, शेवटी तिरकी रेघ जोडून पुन्हा ‘एलएस’ करून पाहा. विंडोजच्या पार्टिशनांवर ग्रब या अवस्थेत सहसा ‘अननोन फाइलसिस्टम’ असेच म्हणेल, त्याने घाबरू नका. ज्या ठिकाणी बूट, ईटीसी, होम अशी नावे दिसतील ते मिंट. ते ६ वर निघाले असे धरून पुढे ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब’, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’ असे द्या. प्रणाली निवडण्याची नेहमीची यादी समोर आली पाहिजे. ती यादी पार्टिशनांना क्रमांकावरून नव्हे तर यूयूआयडीवरून (प्रत्येक पार्टिशनच्या स्वतंत्र ओळखचिन्हावरून) शोधते, आणि तुमच्या कृतीत मिंटचा यूयूआयडी बदललेला नाही, म्हणून मिंट सुरळीत सुरू व्हायला हवे.

हा उपाय एका वेळेपुरता आहे. मिंटमध्ये गेल्यावर, दुसरे काहीही करण्यापूर्वी, महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर टर्मिनलमधून (आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून) ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. एसडीएपुढे आकडा लावू नका, कारण ग्रब संपूर्ण डिस्कच्या आरंभी बसवायचा आहे, एखाद्या पार्टिशनमध्ये नाही. ‘अपडेट-ग्रब’नंतर यादीतून विंडोज नाहीशी झाली, तर ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ या फोल्डरातल्या ग्रबच्या फायलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ मोठ्या रोमन अक्षरांत घाला (बरोबरच्या चिन्हापुढचा ‘फॉल्स’ हा शब्द मात्र लहान अक्षरांत) आणि तीच आज्ञा पुन्हा चालवा; ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम मुळातच बंद ठेवलेले असते.

आता सर्व्हिस सेंटरविषयी, आणि यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. माझ्याही लॅपटॉपवर हाच पडदा आला होता. मी अक्षरजुळणीचे काम करतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर हाताळण्यासाठी विंडोज आणि बाकी सगळ्यासाठी लिनक्स अशी माझी व्यवस्था होती. दिवाळी अंकांचे दिवस होते आणि हाती वेळ नव्हता, म्हणून मी लॅपटॉप एका सर्व्हिस सेंटरला दिला. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका दुकानाचा नाही. काउंटरवर मी स्पष्ट सांगितले होते की या यंत्रावर दोन प्रणाली आहेत आणि आतल्या माहितीला धक्का लागता कामा नये. त्यांनी मान हलवली आणि इंग्रजीत छापलेल्या एका अर्जावर सही घेतली. परत नेण्यासाठी फोन आला तेव्हा आनंदाने सांगण्यात आले की डिस्क करप्ट झाली होती, आता नवी विंडोज टाकली आहे आणि यंत्र ‘एकदम फ्रेश’ चालते आहे. लिनक्सचे काय झाले असे विचारल्यावर उत्तर मिळाले की तिथे अनोळखी, रिकामी जागा दिसत होती, ती सी ड्राइव्हला जोडून दिली आहे.

ती जागा रिकामी नव्हती. विंडोजला लिनक्सची फायली ठेवण्याची ईएक्सटी४ ही रचना आपणहून वाचता येत नाही, आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते रिकामे आहे असा निष्कर्ष काढून त्या तंत्रज्ञाने लेखकांनी तपासून दिलेली, मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्या झालेली पाने पुसून टाकली. लेखकांचे मूळ मजकूर मेलमधून परत मिळाले. त्यांवर केलेल्या दुरुस्त्या मिळाल्या नाहीत, आणि ज्या लेखकांनी त्या हाताने करून पाठवल्या होत्या त्यांच्याकडे पुन्हा मागताना जे सोसावे लागले ते मला आजही आठवते. डिस्क करप्ट झाल्याचे कशावरून ठरवले, तिची स्मार्ट चाचणी (डिस्क धडधाकट आहे का हे सांगणारी तपासणी) घेतली का, हे मी लेखी विचारले. त्याचे उत्तर मला कधीच मिळाले नाही. बिलावर फक्त ‘ओएस इन्स्टॉलेशन’ असे होते. म्हणजे ज्या निदानावर माझे काम पुसले गेले ते निदान कोणी केलेच नव्हते, असेच मी मानतो. त्या डिस्कमध्ये कसलाही दोष नव्हता. ती पुढेही नीट चालत राहिली.

यापुढची गोष्ट तांत्रिक आहे, पण ती ठाऊक नसल्यामुळे लोक चुकीच्या आशेवर बसतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झाला तर केवळ नव्या रचनेची सुरुवातीची नोंद लिहिली जाते आणि जुना मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच पडून असतो. अशा वेळी क्रिस्तोफ ग्रनिए यांचे टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेले पार्टिशन शोधून देऊ शकते, आणि ते जमले नाही तर त्यासोबत येणारे फोटोरेक फायली मूळ नावांशिवाय का होईना बाहेर काढते. एसएसडीवर (तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कवर) मात्र विंडोज ७ पासून फॉरमॅट करतानाच ट्रिम नावाची आज्ञा दिली जाते, जिचा अर्थ ‘ही जागा आता वापरात नाही, मोकळी करून टाक’ असा होतो. त्यानंतर तिथले वाचायला गेल्यास बहुतेक एसएसडी निव्वळ शून्ये परत देतात. माझी एसएसडी होती. माहिती परत मिळवून देण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी ती तपासली, प्रामाणिकपणे हेच सांगितले आणि माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. म्हणून तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती डिस्क आहे हे आधी पाहा. एसएसडी असेल, तर फॉरमॅट ही परत न फिरता येणारी गोष्ट आहे असे धरूनच प्रत्येक पाऊल टाका. विंडोज सुरू झाल्यावर ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल’ अशी चौकट आली, तर न चुकता ती रद्द करा.

तरीही लॅपटॉप बाहेर द्यावाच लागला, तर डिस्क काढून घेऊन द्या. ते शक्य नसेल तर अर्जावर स्वतःच्या हाताने ‘फॉरमॅट करू नये, पार्टिशन काढू नये, आधी फोन करावा’ असे लिहा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवा. मी वकील नाही, पण सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते आणि त्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, एवढे मला चौकशीत कळले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ते छायाचित्र असते तर मी तक्रार नक्की केली असती. तोंडी सूचनेला पुरावा नसतो.

तुम्हाला आणखी एक सल्ला कोणीतरी देईलच: विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ चालवा. त्याने तुमच्या यंत्रावर विंडोज कदाचित लगेच उघडेल, हे खरे आहे. पण ती आज्ञा पहिल्या सेक्टरमधला ग्रबचा कोड पुसून तिथे विंडोजचा बसवते आणि मिंट दिसेनासे होते. फायली तेव्हाही सुरक्षित असतात, पण नवख्या माणसाला ‘लिनक्स उडाले’ असे वाटते आणि तो पुढचे टोकाचे पाऊल उचलतो. माझ्या मते जिथे ग्रबचे ठिकाण तेवढे दुरुस्त करून दोन्ही प्रणाली परत मिळतात, तिथे हा उपाय सर्वांत शेवटी ठेवावा. बूट-रिपेअर हे बूट आपोआप दुरुस्त करणारे साधन मी वाईट म्हणणार नाही, परंतु त्यातले शिफारस केलेल्या दुरुस्तीचे बटण दाबण्याआधी त्यात तयार होणारा माहितीचा अहवाल वाचा आणि तो जपून ठेवा.

हे सर्व तुमच्या बायॉस आणि एमबीआर असलेल्या यंत्राला लागू आहे, हे पुन्हा सांगतो. यूईएफआयच्या (बायॉसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या) यंत्रावर विंडोज आणि लिनक्स यांच्या बूट फायली ईएफआय नावाच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये शेजारी शेजारी असतात, तिथे एमबीआरचे उपाय चालत नाहीत, आणि विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) मालकाच्या नकळत चालू असतो. सिक्युअर बूट (अनोळखी बूट कोड रोखणारी सेटिंग) किंवा बूटचा क्रम बदलताच तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी असल्याशिवाय त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये काहीही बदलू नये. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालते) काम करणाऱ्यांनीही तो मूळ प्रणालीच्याच पद्धतीने बूट झाला आहे याची खात्री करावी. लाइव्ह प्रणालीत ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसले, तर तुम्ही यूईएफआय पद्धतीने आत आला आहात आणि तुमच्यासारख्या यंत्रासाठी ते चुकीचे आहे.

पुढे कधी पार्टिशनचा आकार बदलायचा झाला तर विंडोजची पार्टिशने विंडोजमधून आणि लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या साधनातून बदलावीत, असे माझे मत आहे. जीपार्टेडमध्ये पार्टिशनची उजवी कड हलवणे तुलनेने सोपे असते. डावी कड हलवली तर आतला सगळा मजकूर उचलून नव्या जागी ठेवावा लागतो, त्याला तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर खरे नुकसान होते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ज्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही त्यावर हे काम इन्व्हर्टरशिवाय करू नये. त्याआधी विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेली असते आणि अशा स्थितीत तिचे पार्टिशन बाहेरून बदलणे धोक्याचे आहे. कोणताही बदल करण्यापूर्वी ‘एसएफडिस्क -डी’ या आज्ञेने पार्टिशनांचा तक्ता एका मजकूर फायलीत उतरवा आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवा.

मी येथे तुमचे यंत्र न पाहता लिहीत आहे, तेव्हा ‘एलएस’ केल्यावर जे काही दिसेल त्याचे छायाचित्र टाका. कोणत्याच पार्टिशनवर बूट आणि ईटीसी दिसले नाहीत, तर क्रमांक सरकण्यापलीकडे काही झाले आहे असे समजा; तिथेच थांबा, यंत्र बंद ठेवा आणि डिस्क हार्ड डिस्क आहे की एसएसडी तेही कळवा, म्हणजे टेस्टडिस्कच्या दिशेने जायचे का ते ठरवता येईल.