लाइव्ह रॉकला कटर लावू का?

प्रश्न : काका, सादर नमस्कार. दांडिया बाजारात आमच्या घरी खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी आहे, त्यात क्लाउनफिश या समुद्री माशांची जोडी. हा छंद सोडलेल्या एका ओळखीच्यांनी मला लाइव्ह रॉकचा, म्हणजे जिवाणू आणि बारीक समुद्री जीव वस्तीला असलेला, मोठा सच्छिद्र दगड दिला. त्याची एक फांदी पुढच्या काचेला टेकते. गल्लीतल्या फरशीवाल्याकडून कटरने कापून घेऊ का? आणि पुढच्या महिन्यात आम्ही ओखा-द्वारकेला जातोय, तिथून आणखी दगड आणता येतील का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : फरशीवाल्याकडे नेऊ नकोस. कटर कोरडं चालवलं तर दगड तापतो आणि चुन्याची धूळ नाकात जाते. नळाचं पाणी सोडून चालवलं तर त्या गोड्या पाण्याने दगडातला जीव मरतो. आणि खाऱ्या पाण्याने निथळणाऱ्या दगडावर विजेचं हत्यार धरणं म्हणजे जिवाशी खेळ.

आधी दगड फिरवून, उलटा करून बघ. काच पुसायला हात जाईल एवढी चार बोटं जागा पुढे सुटली, तर तोडायची गरजच नाही.

तोडायचाच असेल तर आधी सगळीकडून नीट न्याहाळ. बटणांसारखे मांसल गोल, कडेने बारीक झालर, असे झुबके दिसले तर ते झोअँथिड, म्हणजे पोवळ्यांच्या नात्यातले प्राणी. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तिथे छिन्नी लावायची नाही. काही दिसो न दिसो, रबरी हातमोजे आणि चश्मा हवाच, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकल. दगड उकळायचा नाही, त्यावर गरम पाणीही ओतायचं नाही. 2018 मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतलं पोवळं साफ करताना हे विष हवेत पसरलं आणि अख्खं कुटुंब इस्पितळात गेलं.

आता हत्यार. मी गवंड्याची अर्ध्या इंची छिन्नी याच कामासाठी वेगळी ठेवली आहे, तिला तेलाचा थेंबही लागू देत नाही. प्लास्टिकच्या टबात जुना टॉवेल खाऱ्या पाण्यात भिजवून अंथर, त्यावर दगड ठेव. फांदी जिथे बारीक झाली आहे, भोकं जास्त आहेत, तिथे छिन्नी टेकव आणि दगड फिरवत चहूबाजूंनी हलके टोले दे. एकच जोरकस घाव घातलास तर दगड त्याला वाटेल तिथे फुटेल. मधूनमधून खारं पाणी ओतत राहा, दगडातल्या स्पंज नावाच्या समुद्री प्राण्यांना हवा सोसत नाही. बडोद्याचा उन्हाळा असेल तर हे काम सकाळी लवकर, पंखा बंद करून.

तोडलेला दगड लगेच टाकीत घालू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. दगडाच्या वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट, पुढे नायट्रेट करतात. आत प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. घाव बसला की ती आतली घडी मोडते, चिरडलेले किडे आणि स्पंज सडतात, अमोनिया चढतो आणि तुझी जोडी गुदमरते. म्हणून दोन्ही तुकडे खाऱ्या पाण्यात हलवून भुगा काढ आणि वेगळ्या टबात ठेव : लिटरला 35 ग्रॅम क्षार, 25 अंशांच्या आसपास तापमान, पाणी फिरवायला छोटा पंप. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर पाणी बदल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की मगच टाकीत. बूड वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर टेकव. सांधायचं असेल तर मत्स्यालयाचं इपॉक्सी वापर. तांब्याची तार चुकूनही नको, कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

ओख्याहून मात्र काहीही उचलू नकोस. कच्छच्या आखातात 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि कठीण पोवळी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा तिथेच राहू दे. त्यापेक्षा वाट वाकडी करून जामनगरजवळच्या नरारा बेटावर जा. वनखात्याची परवानगी घेऊन ओहोटीला खडकांवरून चालता येतं, जिवंत पोवळी डोळ्यांनी बघता येतात.

दगड कमी पडत असेल तर दुकानातून कोरडा सच्छिद्र चुनखडक पावतीसकट घे, धुऊन टाकीत ठेव आणि तुटलेली फांदी त्याला टेकवून ठेव. फांदीवरचे जिवाणू हळूहळू कोरड्या दगडात उतरतील. त्याला काही महिने लागतात, तोवर नवा मासा आणू नकोस.