आजोबांचं माळवद उतरवून कमी कार्बनचं नवं घर बांधायचं आहे. नियम काय आहेत, साहित्य कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बार्शी तालुक्यातल्या गावात आजोबांचं पडकं माळवद, म्हणजे दगड-मातीच्या भिंतींचं आणि मातीच्या सपाट छताचं घर आहे, ते उतरवून त्याच जागेवर साधारण १२०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे आणि ते पर्यावरणाला शक्य तितकं कमी जाच करणारं हवं. सरकारी नियम, साहित्य आणि 'पुन्हा मातीचंच बांधलं तर?' असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी गेली वीसेक वर्षं सोलापूर-धाराशिव पट्ट्यात घरांची कामं बघतो, म्हणून उत्तर इथल्या उन्हाला आणि इथल्या गवंड्यांना धरूनच देतो.

नियमांचं आधी सांगतो, ते लवकर आटपतं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची 'इको निवास संहिता' २०१८ साली आली. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या आत हवी आणि छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत हवी, असं ती सांगते. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून उष्णता किती वेगाने आरपार जाते त्याचं माप. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी केलेली. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतली पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्याची सक्तीही ५०० चौरस मीटरपासूनच सुरू होते. तुमच्या गावठाणातल्या जागेला यातलं बहुधा काहीच लागू होणार नाही. जवळचा नियम एकच, राखेचा. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकाम करणाऱ्यांनी राखेच्या विटा-ब्लॉक वापरायचे आहेत, ते पर्यायी मालापेक्षा महाग नसतील तर. बार्शीपासून सोलापूरचं एनटीपीसी आणि परळीचं केंद्र दोन्ही त्या अंतरात येतात. गावातल्या एकट्यादुकट्या घरावर हे बघायला कोणी येत नाही, त्यामुळे घर कसं होणार हे तुमच्या हातात आहे.

आता मातीबद्दल. मी आठवीत होतो, उमरग्याजवळच्या गावात आमचं माळवदच होतं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला आले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरची माणसं वाचली, पण उजाडल्यावर जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत उभी चिरून दोन पदरांत फाकली होती, आतला पदर खोलीत आणि बाहेरचा गल्लीत. दगड गोलसर, मध्ये नुसती माती, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नव्हता. वर मातीचं जड छत. सागवानी खांब आणि तुळया मात्र उभ्याच्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या खांबांमुळेच आम्ही वाचलो असं आजी शेवटपर्यंत सांगायची.

म्हणून मातीचं घर नकोच असं मी म्हणणार नाही. पण डोक्यावर मातीचं छत नको. एक फूट जाडीची माती चौरस मीटरला सुमारे अर्धा टन वजन टाकते. आणि भिंत दगडाची असो, विटेची असो की सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या ब्लॉकची, जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे हवेत, कोपऱ्यांत उभ्या सळ्या हव्यात. एवढं पाळलं तर तळमजल्याच्या घराला आरसीसी कॉलमचा सांगाडा लागत नाही, भिंतींवरच घर उभं राहतं. यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा करून घ्या, त्या फीमध्ये काटकसर करू नका.

सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. लोक बांबू, चुना, परदेशी रंग यांची चौकशी करतात आणि घराचा कार्बन बसलेला असतो सिमेंट-लोखंडात. आपल्याकडच्या ढोबळ हिशेबाने १२०० चौरस फुटांच्या कॉलम-बीमच्या घराला पावणेपाचशे-पाचशे पोती सिमेंट आणि चार-साडेचार टन लोखंड लागतं. एक टन लोखंड तयार होताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कॉलम गेले की माझ्या कामांत लोखंड जवळपास निम्म्यावर आलेलं आहे. दोनच माणसं राहणार असतील तर १२०० ऐवजी ९०० फुटांत भागतं का, तेही एकदा घरात बसून बोला.

सिमेंटचं थोडं खोलात सांगतो. चुनखडी भट्टीत भाजली की १०० किलोतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतो ५६ किलो चुना. हा दगडातूनच निघणारा वायू आहे, कोळशाचा धूर वेगळा. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी भाजलेला माल, म्हणजे क्लिंकर, कमी वापरणं हाच उपाय राहतो. ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, हे जवळपास सगळं क्लिंकर. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के पोलाद कारखान्याची मळी, म्हणजेच स्लॅग. तुमच्या घराला ओपीसीऐवजी पीपीसी घेतलं तर पाचेक टन कार्बन तिथेच वाचतो, आणि पोतं सहसा महाग नसतं, उलट थोडं स्वस्तच पडतं. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी-३ सिमेंटही आलं आहे, त्याचं भारतीय मानक २०२३ मध्ये निघालं. पण आपल्या तालुक्याच्या दुकानात ते मिळेल या भरवशावर काम अडकवू नका.

पीपीसीची एक गोष्ट जिवाला लावून घ्या, ती म्हणजे पाणी मारणं. राखेचं सिमेंट हळू पकडतं. ओपीसीला सात दिवस पाणी पुरतं, मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात चौदा. काही वर्षांपूर्वी एका घराचा स्लॅब आम्ही एप्रिलमध्ये टाकला. वर आळी करून पाणी भरलं. चौथ्या दिवशी टँकर आला नाही, ठेकेदाराने 'स्लॅब दगडासारखा झालाय' म्हणून विषय संपवला आणि मी दुसऱ्या साईटवर होतो. आठवड्याने गेलो तेव्हा आळ्यांच्या कडेने केसाएवढ्या चिरांचं जाळं पडलेलं होतं. पहिल्या पावसात घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरात पातेली मांडली. तो स्लॅब दुरुस्त करायला जे सिमेंट आणि रसायन गेलं, त्यात आधी वाचवलेलं बरंच काही संपलं. तुमचा स्लॅब पावसाळ्यानंतर, विहिरीला पाणी असताना टाका, आणि स्लॅबवर अंथरलेली गोणपाटं ओली ठेवायला घरचं माणूस नेमा.

भिंतींसाठी राखेच्या विटा घ्या, त्या भट्टीत भाजत नाहीत. पण माल बघून घ्या, आपल्याकडे कच्च्या विटाही सर्रास विकल्या जातात. पूर्ण सुकलेली वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर गाडी परत पाठवा. या विटा एकसारख्या मापाच्या असल्याने रॅट-ट्रॅप बाँडला छान बसतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ही पद्धत: विटा आडव्या न मांडता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, मसालाही कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे पश्चिमेची भिंत संध्याकाळी कमी तापते. कोपरे आणि दारांच्या कडा मात्र भरीव ठेवायच्या. आपल्या गवंड्यांना हे नवं आहे. त्यांच्याकडून आधी चार फूट रुंद, चार फूट उंच नमुन्याची भिंत बांधून घ्या, जमली नाही तर पाडा, पुन्हा बांधा. दोन दिवस जातील, पण पुढे हात बसतो.

छत उघडं ठेवू नका. पाच इंची नुसत्या स्लॅबची यू-व्हॅल्यू संहितेच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असते, मे महिन्यात रात्री अकरालाही तो अंगावर गरम श्वास टाकतो. माझा पसंतीचा उपाय म्हणजे स्लॅबवर चार इंची एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) अंथरून त्यावर वॉटरप्रूफिंग आणि सगळ्यात वर पांढरी चिनी मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे. याने छत १.२ च्या आत येतं आणि वजन मातीच्या छताच्या कितीतरी कमी राहतं. एएसी पाणी शोषतो, म्हणून वॉटरप्रूफिंग त्याच्या वरच हवं.

आणि पाडकामाचं. जेसीबी बोलावण्याआधी मला वाटतं तुम्ही एक आठवडा त्या घरात काढावा. दगड, खांब, तुळया, चौकटी, देवळीची फळी मोजून वहीत लिहा. पाया आणि जोतं जुन्या दगडात सहज होतं, त्याला नवी खाण लागत नाही. खांबांना पोखर लागली आहे का ते बुंध्याशी दाभण टोचून बघा, दाभण आत गेलं तर तेवढा भाग कापायचा, वरचा सागवान शंभर वर्षांनीही ठणठणीत निघतो. भिंतीतली माती बाहेर फेकू नका, जोत्यात भरायला तीच वापरा. हे सगळं हाताने उतरवायला आठ-दहा दिवस आणि चार माणसं लागतील. जेसीबी तेच काम अर्ध्या दिवसात करतो, पण खांबांचे तुकडे करून. खांब किती आणि केवढे निघाले ते इथे लिहा, ओसरीला पुरतील की चौकटींना, ते बघून सांगतो.