डॉकमध्ये गेली की अहिराणीची मराठी होते, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की आजीच्या अहिराणी गोष्टी लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये टाइप केल्या, मजकुराला ए-एच-आर हा अहिराणीचा भाषा-कोड लावला, आणि मित्राने फाइल डॉक या वर्डच्या जुन्या प्रकारात जतन करून परत पाठवली तर सगळीकडे 'मराठी' दिसतंय. या दुखण्यातून मी गेलोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मित्राचा दोष नाही. ओडीटीत, म्हणजे लिबरऑफिसच्या स्वतःच्या फाइलप्रकारात, भाषेचा कोड अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे अहिराणी तिथे सुखरूप राहते. जुन्या डॉकमध्ये भाषा म्हणजे एक आकडा: मराठी ११०२, कोकणी ११११. अहिराणीला मायक्रोसॉफ्टने असा कायमचा आकडा दिलेलाच नाही, मग फाइलमध्ये लिहिणार काय? आरटीएफ या दुसऱ्या जुन्या फाइलप्रकाराचंही तेच. विंडोजमध्ये स्वतः भाषा जोडली तर तात्पुरता आकडा मिळतो, पण तो त्या संगणकापुरता. दुसरीकडे त्याच आकड्याचा अर्थ वेगळा असू शकतो.

डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या नव्या फाइलप्रकारात, पुन्हा अक्षरं आहेत, पण तिथे भाषेचे तीन खाने असतात: पाश्चात्त्य लिपी, पूर्व आशियाई लिपी आणि जटिल लिपी. देवनागरी तिसऱ्यात मोडते. पहिल्या खान्यात ए-एच-आर आणि तिसऱ्यात मराठी असेल, तर तुमचा मजकूर मराठीच धरला जातो. फाइलची प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटचं डॉकएक्स बदलून झिप करा, उघडा आणि आतल्या एक्सएमएल नावाच्या मजकूर-फाइलींमध्ये स्वतः बघा. मेनूतल्या नावावर विसंबू नका. (रोमी, म्हणजे रोमन लिपीत, कोकणी लिहिणाऱ्यांचा मामला उलटा, त्यांचा खाना पहिला.)

आता जे मला सर्वांत महाग पडलं ते. एका कार्यालयाला आमचा लोककथांचा संग्रह हवा होता. नाव लिहीत नाही. ओडीटी नको, पीडीएफ नको, डॉकच हवी, असा हट्ट. दिली. तिथे कुणीतरी सगळ्या मजकुरावर मराठी शुद्धलेखन तपासणी चालवली आणि 'सगळे बदला' दाबलं. 'मन्हा'चं 'माझा', 'शे'चं 'आहे' असं झालं असतं तर निदान लगेच दिसलं असतं. पण तपासणी जवळचा दिसणारा कुठलाही शब्द सुचवते, त्यामुळे वाक्यं वरवर ठीक आणि अर्थ भलताच. आम्ही ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकत ओळ न ओळ जुळवली. सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायांपैकी काही तोवर राहिल्या नव्हत्या, शंका विचारायची कुणाला? तक्रार केली तर उत्तर आलं, "देवनागरीत आहे ना, मग मराठीच की." २०११च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरली आहे) ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, बोलणारे अठरा लाखांच्या वर. सरकारच्याच कागदावर आहे हे, आणि तरी कार्यालयाला वेगळा कोड ही आमची हौस वाटते. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: कोडच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. मजकूर निवडून हाताने भाषा लावत बसण्यापेक्षा परिच्छेदाच्या दोन शैली (स्टाइल) करा, एकीचं नाव 'अहिराणी कथा', दुसरीचं 'मराठी टीप', आणि भाषा शैलीलाच लावा. डॉकमध्ये कोड गेला तरी शैलीचं नाव बहुधा टिकतं. फाइल परत आली की शैलीत एकदा भाषा बदलली की काम झालं. वाक्याच्या मधल्या शब्दांसाठी अक्षरशैली करा.

काही जण लाल रेघा नकोत म्हणून भाषा 'काही नाही' ठेवायला सांगतील. परक्याला द्यायच्या प्रतीपुरतं चालेल, मूळ फाइलमध्ये मुळीच नको. ओडीटीत त्याची नोंद 'यात भाषिक मजकूर नाही' अशा अर्थाच्या कोडने होते. आजीच्या गोष्टीवर तो शिक्का मला तरी सहन होत नाही. लाल रेघांवर खरा उपाय म्हणजे हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी केलेला छोटा अहिराणी शब्दकोश. तो ए-एच-आर कोडसह विस्तार म्हणून बसवला की लिबरऑफिसच्या यादीत ती भाषाही दिसायला लागते. तुमच्या गोष्टींतले शब्द हीच पहिली यादी. के-एच-एन हा खानदेशीचा कोड वेगळा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका.

शब्दसूची एक्सेलमध्ये करत असाल तर कोडसाठी वेगळा रकाना ठेवा, कारण तिथे घरातल्या (सेलमधल्या) मजकुराला भाषा लावायची सोयच नाही.

मी संगणकतज्ज्ञ नाही, आवृत्तीगणिक मेनू बदलतात, तेव्हा आधी प्रतीवर करून बघा. मूळ ओडीटी मात्र कुणालाही देऊ नका, मागणारं कार्यालय कितीही मोठं असो. कोड कुठे हरवतोय ते कळत नसेल तर गोष्टीचं एक पान डॉकएक्स करून इथे टाका, तिन्ही खाने बघून सांगतो.